आधी ताण सुटू दे, मग ताकद येऊ दे

थ्रीडी प्रिंटरवर तयार झालेला टर्बाइनचा एक भाग आहे असं समजा. मशीनमधून बाहेर आल्यावर तो तपासला. तडा नाही. मग त्याच्यातला ताण जावा आणि त्याला पूर्ण ताकद यावी म्हणून तो भट्टीत ठेवला. भट्टी थंड झाल्यावर उघडून बघतात तर भागाला तडे. कुणी ठोकला नाही, वाकवला नाही, त्याच्यावर वजनही ठेवलं नाही. जो उपाय म्हणून केला, त्यातच तो मोडला. निकेलच्या काही सुपरअ‍ॅलॉयमध्ये असं घडतं, आणि का घडतं ते समजून घेण्यासारखं आहे.

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कुठून आला, असं काहींना वाटेल. माझा मावसभाऊ बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करतो. त्याच्याकडे येतात ते बिडाचे आणि पोलादाचे जॉब. ‘स्ट्रेस काढायला जॉब आलाय’ हे वाक्य तो इतक्या सहज बोलतो, की मला आधी त्या शब्दाचं कुतूहल वाटलं आणि मग त्यामागच्या गोष्टीचं. त्याचा रोजचा नियम साधा आहे : घाई करायची नाही, सावकाश तापवायचं, सावकाश थंड करायचं. बिडाच्या बाबतीत तो अगदी खरा आहे. पण सुपरअ‍ॅलॉयबद्दल वाचायला लागले तेव्हा दिसलं, की इथे हाच नियम उलटा होतो. सावकाश तापवणंच घातक ठरू शकतं. हे उलटं का होतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

हा धातू लागतो कशाला?

जेट इंजिनाच्या पोटात इंधन जळतं आणि तो धगधगता वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतो. पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. म्हणजे एकीकडे प्रचंड उष्णता आणि दुसरीकडे पातं मुळापासून उपटून बाहेर फेकू बघणारी ओढ. साधं पोलाद अशा उष्णतेत मऊ पडतं आणि हळूहळू ताणलं जातं. फ्रँक व्हिटल यांचं इंजिन बसवलेलं ब्रिटनचं पहिलं जेट विमान १५ मे १९४१ रोजी उडालं. अशा इंजिनांच्या पात्यांसाठी त्याच काळात तिथे ‘निमोनिक’ नावाचे निकेलचे मिश्रधातू तयार झाले. आजच्या सुपरअ‍ॅलॉयचं घराणं तिथून सुरू होतं.

निकेल स्वतः काही फार कठीण नाही. त्याला बळ येतं ते त्यात मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियममुळे. योग्य तापमानाला ठेवलं की या धातूंचे अणू निकेलच्या अणूंबरोबर एका ठरलेल्या रचनेत बसतात आणि मूळ धातूच्या आत अतिशय बारीक कण तयार होतात. या कणांना ‘गॅमा प्राइम’ म्हणतात. धातू वाकतो म्हणजे त्याच्या आत अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. हे कण वाटेत आले की ती घसरण अडते. मऊ मातीत बारीक खडे गच्च ठासावेत, तसं. विशेष म्हणजे या कणांची ताकद तापमान वाढलं तरी एका मर्यादेपर्यंत कमी न होता उलट वाढते. सर्वांत कडक कामाच्या ओतीव पात्यांमध्ये निम्म्याहून जास्त जागा या कणांनीच व्यापलेली असते.

हे कण तयार करण्यासाठी धातूला ठरावीक तापमानात काही तास ठेवतात. इंग्रजीत याला ‘एजिंग’ म्हणतात. पुस्तकी मराठीत ‘कालप्रभावन’ वगैरे काही करता येईल, पण मला आपल्या घरातला शब्द जास्त बरोबर वाटतो : मुरणं. लोणचं जसं वेळ आणि हवामान मिळालं की मुरतं, तसा हा धातू तापमान आणि वेळ मिळाला की मुरतो. पुढे मी हाच शब्द वापरणार आहे.

ताण येतो कुठून?

ज्या प्रिंटिंगबद्दल आपण बोलतोय त्यात धातूच्या बारीक भुकटीचा एक पातळ थर पसरतात. तो साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. मग लेझरचा किरण हवा तेवढाच भाग वितळवत जातो. एक थर झाला की प्लेट तेवढी खाली सरकते, वर नवी भुकटी, पुन्हा लेझर. दहा सेंटिमीटर उंच भागासाठी असे २५०० थर लागतात. प्रत्येक थरात धातू पुन्हा वितळतो आणि पुन्हा गोठतो.

वितळलेला ठिपका इतका लहान असतो की तो क्षणात गोठतो. थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखो अंश सेल्सियस इतका असतो. याचे दोन परिणाम होतात, आणि पुढची सगळी गोष्ट या दोन परिणामांचीच आहे.

पहिला परिणाम : वरचा थर गोठल्यावर आकसतो. पण खालचा भाग आधीच घट्ट झालेला असतो, तो त्याला मनासारखं आकसू देत नाही. ओढाताण आतच अडकून राहते. थरावर थर चढतात तशी ती साचत जाते. काही ठिकाणी हा अडकलेला ताण धातू वाकायला लागेल इतका मोठा असतो. म्हणून तर असा भाग प्लेटवरून लगेच वायरकटने कापला तर तो धनुष्यासारखा वाकू शकतो. सहसा प्लेटसकट भट्टीत घालून ताण काढतात आणि मगच कापतात.

दुसरा परिणाम : धातू इतक्या झटकन गोठतो की गॅमा प्राइमचे कण बनायला वेळच मिळत नाही. बऱ्याच मिश्रधातूंमध्ये प्रिंटरमधून बाहेर आलेल्या भागात हे कण जवळजवळ नसतात, किंवा असले तर फार थोडे आणि अगदी बारीक. सगळं अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम निकेलमध्ये विरघळलेल्या अवस्थेत अडकून बसलेलं असतं. म्हणजे प्रिंट झालेला भाग ताणलेला आहे आणि न मुरलेला आहे. दोन्ही गोष्टींवर औषध एकच : उष्णता.

भट्टीत दोन कामं, आणि त्यांचा क्रम

इथे खानापूरची आठवण काढते. आपल्याकडे खानापूरची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. कुंभार मडकं चाकावरून उतरवून लगेच भट्टीत घालत नाही. आधी सावलीत वाळवतो. पाणी निघून गेलं की मगच भाजतो. ओलं मडकं भाजायला घातलं तर फुटतं. म्हणजे दोन कामं आहेत, वाळणं आणि पक्कं होणं, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. सुदैवाने वाळणं कमी उष्णतेत होतं आणि भाजणं जास्त उष्णतेत. म्हणून हळूहळू गेलं की क्रम आपोआप बरोबर लागतो.

बिडाचंही तसंच. बिडाच्या जॉबमधला ताण काढायला साधारण ५०० ते ६०० अंशांपर्यंत सावकाश तापवतात. तिथे धातू जरा सैल पडतो, आतली ओढ सुटते, आणि मधेच त्याला कडक करणारं दुसरं काही घडत नाही. मावसभावाचा नियम म्हणून खरा ठरतो.

सुपरअ‍ॅलॉयमध्ये हा क्रम उलटा आहे. तापमान ६०० अंशांच्या पुढे गेलं की साधारण ९०० पर्यंतच्या पट्ट्यात धातू मुरायला लागतो. आणि आतला ताण नीट सुटायला मात्र याहून जास्त तापमान लागतं. भट्टी सावकाश तापवली तर धातू या मधल्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतो. ताण सुटायच्या आधीच तो मुरतो. मुरला की कडक झाला. कडक झाला की आता ताण सुटायला जे थोडंसं सैल होणं लागतं, तेही जमत नाही.

त्यात आणखी एक भर पडते. अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियमचे अणू निकेलच्या अणूंपेक्षा मोठे असतात. ते विरघळलेल्या अवस्थेतून निघून कणांमध्ये बसले की उरलेला धातू किंचित आकसतो. आधीच ताणलेल्या भागात हा नवा आकसण्याचा ताण मिळतो. म्हणजे कमी करायला गेलो त्यातच भर.

आता एवढा ताण कुठेतरी मोकळा होणारच. धातू आतून अखंड नसतो, तो असंख्य दाण्यांचा बनलेला असतो. कारखान्यात यांना ग्रेन म्हणतात. दाण्याच्या आतला भाग मुरून कडक झाला, पण दोन दाण्यांमधली सीमा त्या मानाने दुबळी राहिली. याच तापमानाच्या पट्ट्यात अनेक सुपरअ‍ॅलॉयची लवचीकताही कमी होते. मग सगळी ओढ त्या सीमेवर येते आणि तिथे धातू उकलतो. भट्टीत हवा असेल तर ऑक्सिजन या सीमेत शिरून तिला आणखी कमजोर करतो. म्हणून असे भाग निर्वात भट्टीत किंवा आर्गॉन वायूत तापवतात.

या प्रकाराला इंजिनिअर ‘स्ट्रेन-एज क्रॅकिंग’ म्हणतात. नावातच दोन्ही आरोपी हजर आहेत : ताण आणि मुरणं. एकटा ताण असता तर भट्टीत सुटला असता. एकटं मुरणं असतं तर ते तर आपल्याला हवंच होतं. दोघं एकाच वेळी आले म्हणून तडा.

तडा की भेग?

मराठीत तुटण्यासाठी किती शब्द आहेत बघा. काचेला तडा जातो, जमिनीला भेग पडते, लाकडाला चीर जाते. आपण ते सरमिसळ वापरतो, पण त्यांच्यात फरक आहे. आणि या विषयात तो फरक कामाचा ठरतो, कारण प्रिंट केलेल्या सुपरअ‍ॅलॉयमध्ये दोन वेगळ्या तऱ्हेची मोडतोड होते.

पहिली प्रिंट होतानाच होते. धातू गोठत आलेला असतो, दाण्यांच्या मधे शेवटचा पातळ द्रव शिल्लक असतो आणि आकसणारे दाणे त्याला फाडतात. दुसरी, जिच्याबद्दल आपण बोलतोय, ती भट्टीत, धातू पूर्ण घन असताना होते. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात त्या कशा? माती वाळून आकसू बघते, पण आजूबाजूची माती तिला जागेवर धरून ठेवते, म्हणून ती उकलते. भट्टीतली गोष्ट त्याच्या बरीच जवळची आहे. आकसू पाहणारा आणि जागेवर धरलेला धातू. म्हणून सुरुवातीपासून ‘तडा’ म्हणत आलेल्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनीच, इथे ‘भेग’ म्हटलं तरी चालेल.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. दोन्हींचं मूळ वेगळं, म्हणून उपाय वेगळा. पहिल्या प्रकारात लेझरची शक्ती, वेग आणि भुकटीतले घटक बघावे लागतात. दुसऱ्या प्रकारात भट्टी बघावी लागते. सूक्ष्मदर्शकाखालीही फरक ओळखता येतो : गोठताना फाटलेल्या पृष्ठभागावर गोलसर, झाडाच्या फांद्यांसारखे उंचवटे दिसतात, तर भट्टीतली भेग दाण्यांच्या सीमेवरून धारदार रेषेत जाते. चुकीच्या नावाने हाक मारली तर चुकीच्या दारात औषध शोधत बसू.

दुखणं जुनं, घर नवं

हे सगळं थ्रीडी प्रिंटिंगने आणलं असं मात्र नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत वेल्डिंग करणाऱ्यांना हा अनुभव आला होता. रेने ४१ नावाच्या मिश्रधातूची वेल्डिंग नीट व्हायची आणि नंतरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये जोडाजवळ भेगा पडायच्या. वेल्डिंग म्हणजे एका जागी वितळवून गोठवणं. प्रिंटिंग म्हणजे एका अर्थी पूर्ण भागच वेल्डिंगचा बनवणं. त्यामुळे जुनं दुखणं नव्या घरात आलं, आणि आता ते एका जोडापुरतं उरलं नाही.

त्या काळातल्या अभ्यासातून एक ढोबळ नियम निघाला. मिश्रधातूत अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम जितकं जास्त, तितका तो लवकर मुरतो आणि तितका भेगाळतो. इन्कोनेल ७३८ मध्ये दोन्ही प्रत्येकी सुमारे ३.४ टक्के असतात. सीएम २४७ मध्ये एकटं अ‍ॅल्युमिनियमच साडेपाच टक्क्यांच्या पुढे असतं. हे दोन्ही अवघड गटातले.

याच्या उलट इन्कोनेल ७१८. हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनी इंटरनॅशनल निकेल कंपनीत तो विकसित केला आणि १९६२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम थोडं आणि सुमारे पाच टक्के नायोबियम असतं. त्याला बळ देणारे मुख्य कण नायोबियमचे, आणि ते फार सावकाश बनतात. इतके सावकाश की मधल्या पट्ट्यातून जाताना ताण सुटायला सवड मिळते. म्हणून हा मिश्रधातू वेल्डिंगलाही सोपा आणि प्रिंटिंगलाही. चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉसने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडवलं, त्याचं एकसंध छापलेलं इंजिन इन्कोनेलचंच होतं.

मग सगळं ७१८ मध्येच का बनवत नाहीत? कारण साधारण ६५० अंशांच्या पुढे दीर्घकाळ ठेवलं तर त्याचे कण बदलतात आणि बळ उतरतं. टर्बाइनच्या सर्वांत तापलेल्या जागी लवकर मुरणारे, गॅमा प्राइमने भरलेले मिश्रधातूच लागतात. जिथे भेगांची भीती सर्वांत जास्त, नेमकी तिथेच त्यांची गरजही सर्वांत जास्त. खरी अडचण ही आहे.

उपाय काय?

पहिला उपाय भट्टीच्या आधीचा : मुळात ताणच कमी साचू द्यायचा. लेझरची दिशा प्रत्येक थराला फिरवतात. ६७ अंशांनी फिरवणं बरंच रूढ आहे, कारण त्यामुळे तीच दिशा लवकर परत येत नाही आणि ओढ एकाच बाजूला साचत नाही. दुसरं म्हणजे खालची प्लेट आणि भुकटीच गरम ठेवणं. लेझरऐवजी इलेक्ट्रॉन किरण वापरणाऱ्या मशीनमध्ये भुकटी सुमारे १००० अंशांवर ठेवून काम करता येतं. तिथे ताण साचता साचताच सुटत जातो. बदल्यात पृष्ठभाग जरा खडबडीत मिळतो आणि बारीक नक्षी लेझरइतकी साधत नाही.

दुसरा उपाय भट्टीतला : मधला पट्टा झपाट्याने ओलांडायचा. चोर्ला घाटात दरड कोसळायची भीती असलेल्या वळणावर कुणी गाडी थांबवून चहा पीत नाही, तसं. धातू मुरायच्या आत वरच्या तापमानाला पोहोचला, तर तिथे कण बनत नाहीत, धातू सैल पडतो आणि ताण सुटतो. मग खाली आणून निवांत मुरवायचं. पण बोलायला सोपं. जाड भागाचा गाभा कवचाच्या मागे राहतो, आणि आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकानेच नवा ताण येतो. भट्टीचीही एक मर्यादा असते. पातळ पात्याला जमणारा वेग जाड ठोकळ्याला जमेलच असं नाही.

तिसरा उपाय भेगा पडल्यावरचा. भाग साधारण १२०० अंशांना, हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट दाबाच्या आर्गॉनमध्ये ठेवतात. आतल्या भेगा दाबल्या जाऊन सांधतात. पण जी भेग पृष्ठभागापर्यंत उघडी आहे तिच्यात तो वायूच शिरतो, त्यामुळे ती मिटत नाही. ती शोधायला आपल्याकडच्या कारखान्यांतही चालते ती डीपी टेस्ट लागते : रंगीत द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची आणि भेगेतून वर आलेली रेष बघायची.

चौथा उपाय सर्वांत मुळातला : मिश्रधातूच नव्याने बेतायचा. हेन्स २८२ हा २००५ च्या सुमाराचा मिश्रधातू मुद्दाम असा बनवला, की त्याला बळ गॅमा प्राइमचंच, पण ते कण जरा सावकाश यावेत. ऑक्सफर्डमध्ये एबीडी-९०० एएम नावाचा मिश्रधातू तर प्रिंटिंग डोळ्यांसमोर ठेवूनच बेतला गेला. आणि अवघड म्हणजे अशक्य नव्हे, हेही दिसलं आहे. २०१७ मध्ये सीमेन्सने ब्रिटनमधल्या लिंकन इथे छापलेली टर्बाइनची पाती मिनिटाला १३,००० फेऱ्यांवर आणि १२५० अंशांहून जास्त तापमानात पूर्ण भाराने चालवून बघितली.

एवढी काळजी कशासाठी?

कारण ही भेग डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असू शकते आणि पात्याचं काम मात्र एकदाचं नसतं. प्रत्येक उड्डाणात ते तापतं, थंड होतं, ओढलं जातं, सैल होतं. प्रत्येक फेरीत भेग थोडी पुढे सरकू शकते. विमानात खिडकीपाशी बसलेल्या माणसाला त्या भट्टीचा आलेख कधीच दिसणार नाही, पण तो त्याच आलेखाच्या भरवशावर बसलेला असतो.

मावसभावाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे सावकाश तापवायचं ते ताण जावा म्हणून. सावकाश तापवून ताण जाणार नसेल तर सावकाश कशाला?” अख्खा विषय त्याने दोन वाक्यांत आटोपला. नियम पाठ असणं वेगळं आणि नियम कशासाठी आहे ते माहीत असणं वेगळं. थ्रीडी प्रिंटिंगचं कौतुक करताना आपण स्क्रीनवर फिरणारं ते देखणं चित्र बघतो आणि म्हणतो, बटण दाबलं की भाग तयार. सुपरअ‍ॅलॉयच्या बाबतीत बटण दाबल्यावर अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं भट्टीत होतं, आणि कोणत्या मिनिटाला किती अंश हवेत, हे त्या भागाच्या आकाराइतकंच विचार करून ठरवावं लागतं.